केंब्रिजची मुले मागे पडली, तेव्हा कुणी ‘मेरिट’ विचारले नाही

आरक्षणाची चर्चा सुरू झाली की पाचव्या मिनिटाला ‘मेरिट’ हा शब्द येतो. कॉलेजच्या कट्ट्यावर येतो, ऑफिसच्या डब्याच्या सुट्टीत येतो, व्हॉट्सअ‍ॅपवर तर रोज येतो. मेरिट म्हणजे मेंदूत जन्मजात असलेली वस्तू, ती काहींच्या घरात पिढ्यानपिढ्या असते आणि काहींच्या घरात नसते, असा हा समज आहे. जातिव्यवस्थेला तो फार सोयीचा आहे. एकदा तो मान्य केला की कुणाच्या घरात पुस्तके होती, कुणाच्या घरात नव्हती आणि का नव्हती, हे प्रश्न विचारावेच लागत नाहीत.

या समजाला आपण फुले-शाहू-आंबेडकरांच्या इतिहासातून उत्तरे देत आलो आहोत आणि देत राहू. आज मात्र मी एक बाहेरचा दाखला मांडणार आहे. तो इंग्लंडचा आहे, केंब्रिजसारख्या नामांकित विद्यापीठाचा आहे आणि तळहातावर मावणाऱ्या एका संगणकाचा आहे. त्याचे नाव रास्पबेरी पाय. इंजिनीअरिंगला असलेल्या आपल्या मुलामुलींनी तो प्रोजेक्टसाठी वापरला असेल. पण तो का जन्माला आला, हा इतिहास फार थोड्यांना माहीत आहे. मेरिटच्या वादात हा इतिहास आपल्या बाजूने साक्ष देतो.

आधी वस्तू समजून घेऊ

रास्पबेरी पाय म्हणजे एटीएम कार्डाएवढा एकच सर्किट बोर्ड. त्यावरच प्रोसेसर, मेमरी, यूएसबी आणि टीव्हीला जोडण्याची सोय. पेटी नाही, स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. मेमरी कार्डवर लिनक्स ही मोफत आणि खुली प्रणाली टाकायची, मोबाईलच्या चार्जरसारख्या चार्जरवर चालवायचा, घरातला टीव्ही जोडायचा, की संगणक तयार. बोर्डाच्या कडेला धातूच्या पिना असतात. त्यांना दिवा, मोटर, तापमान मोजणारा सेन्सर जोडता येतो आणि आपण लिहिलेल्या प्रोग्रामने चालवता येतो. बिघडला तरी फार मोठे नुकसान नाही, म्हणून मुलाने बिनधास्त हात घालावा, हीच त्यामागची कल्पना.

केंब्रिजला पडलेला प्रश्न

२००० नंतरच्या दशकात केंब्रिज विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातल्या लोकांच्या लक्षात एक गोष्ट आली. प्रवेशासाठी अर्ज करणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटत होती. जी मुले येत होती त्यांची तयारीही आधीच्या मुलांसारखी नव्हती. १९९० च्या दशकात येणारा विद्यार्थी घरी प्रोग्रामिंग करून आलेला असे. आता येणाऱ्याला फार तर एखादे वेब पान बनवता येत होते. ही काळजी करणाऱ्यांमध्ये एबेन अप्टन होते, रॉब मलिन्स, जॅक लँग आणि अ‍ॅलन मायक्रॉफ्ट होते.

आता इथे थांबा आणि विचार करा. आपल्याकडे एखाद्या समाजाची मुले प्रवेश परीक्षेत मागे पडली तर काय म्हटले जाते? ‘यांच्यात ती क्षमताच नाही.’ केंब्रिजच्या प्राध्यापकांनी असे म्हटले का? इंग्रज मुलांचा मेंदू दहा वर्षांत लहान झाला, असा निष्कर्ष कुणी काढला का? नाही. त्यांनी विचारले, या मुलांच्या घरातून आणि शाळेतून काय नाहीसे झाले?

उत्तर त्यांना सापडले. १९८० च्या दशकात इंग्लंडमधल्या अनेक घरांत बीबीसी मायक्रो, झेडएक्स स्पेक्ट्रम, कमोडोर ६४ असे संगणक होते. बटण दाबले की समोर थेट प्रोग्रामची आज्ञा लिहिण्याची जागा यायची. गेम खेळायचा असला तरी दोन-चार आज्ञा टाकाव्या लागायच्या. मुले नकळत प्रोग्रामिंगला सरावली. पुढे त्यांची जागा गेम कन्सोलने आणि महागड्या घरगुती पीसीने घेतली. कन्सोल आतून बंद असतो. पीसी सगळ्या घराचा असतो, त्यात मुलाने काही बिघडवले तर ओरडा बसतो. शाळेत संगणकाचा तास म्हणजे वर्डमध्ये पत्र टाइप करणे आणि एक्सेलमध्ये तक्ते भरणे, एवढेच उरले.

समाजशास्त्रात पिअर बोर्द्यू यांनी याला सांस्कृतिक भांडवल म्हटले आहे. घरातून, परिसरातून, खेळता खेळता मिळालेले ज्ञान परीक्षेच्या हॉलमध्ये ‘जन्मजात हुशारी’ म्हणून मिरवते. केंब्रिजमध्ये ते भांडवल आटले आणि हुशारीही आटलेली दिसली. मेरिटचा झरा मेंदूत नव्हता, टेबलावर ठेवलेल्या यंत्रात होता, हे एका मोठ्या विद्यापीठाच्या अनुभवाने सिद्ध झाले.

त्या यंत्रामागे सरकार उभे होते

टेबलावरचे ते यंत्रही आपोआप आलेले नव्हते. बीबीसी ही ब्रिटनची सार्वजनिक प्रसारण संस्था. तिने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जनतेला संगणक शिकवण्याची मोहीम काढली. टीव्हीवर मालिका दाखवली, पुस्तके काढली आणि केंब्रिजच्या एकॉर्न या छोट्या कंपनीकडून एक संगणक बनवून घेतला. तोच बीबीसी मायक्रो. डिसेंबर १९८१ मध्ये तो आला. स्वस्त नव्हता. त्याच्या मॉडेल बी ची किंमत लवकरच ३९९ पौंड झाली. पण शाळांनी संगणक घेतला तर निम्मे पैसे सरकार देत होते. त्यामुळे तो देशभरातल्या शाळांत पोहोचला. असे सुमारे १५ लाख संगणक खपले.

या यशाच्या बळावर एकॉर्नमध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एक नवी प्रोसेसर रचना केली. १९८५ मध्ये पहिली चिप चालू झाली. तिचे नाव एआरएम. आज तुमच्या खिशातला मोबाईल याच रचनेवर चालतो. कोट्यवधी मोबाईलमुळे या चिपा स्वस्त झाल्या आणि म्हणूनच २०१२ मध्ये रास्पबेरी पाय स्वस्तात बनवता आला. त्याच्या पहिल्या मॉडेलमध्ये एआरएमचाच प्रोसेसर होता. बीबीसी मायक्रोची आठवण म्हणून त्याच्या मॉडेलांची नावेही ए आणि बी ठेवली गेली.

म्हणजे ३५ डॉलरच्या बोर्डामागे तीस वर्षांपूर्वीचा सार्वजनिक पैसा आहे, सरकारी अनुदान आहे, सार्वजनिक टीव्ही आहे. सवलतीला ‘भीक’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. ज्यांचे मेरिट आज जगभर मिरवते, त्यांनाही कुणीतरी अर्ध्या किमतीत संगणक दिला होता.

घरात यंत्र आहे, पण कुणाच्या खोलीत?

घरात संगणक असला तरी तो सगळ्यांचा नसतो. याचा पुरावा अमेरिकेत मिळाला. कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस आणि अ‍ॅलन फिशर यांनी संगणकशास्त्रात मुली इतक्या कमी का, याचा अभ्यास केला. २००२ मध्ये त्यावर त्यांचे पुस्तक आले. घरचा संगणक बहुधा मुलाच्या खोलीत असतो, वडील मुलासोबत बसतात आणि मुलगी दुरून पाहते, असे त्यांना आढळले. विद्यापीठाने काय केले? प्रवेश देताना आधीच्या प्रोग्रामिंग अनुभवाला दिले जाणारे महत्त्व कमी केले, नवख्यांसाठी वेगळे वर्ग काढले, शिकवण्याची पद्धत बदलली. १९९५ मध्ये तिथे संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्यांत ७ टक्के मुली होत्या. २००० मध्ये ४२ टक्के झाल्या. पाच वर्षांत मुलींचा मेंदू बदलला नव्हता. दार बदलले होते.

२९ फेब्रुवारी २०१२

केंब्रिजच्या मंडळींनी रास्पबेरी पाय फाउंडेशन ही धर्मादाय संस्था काढली. संगणक खेळ बनवणारे डेव्हिड ब्रेबन आणि हार्डवेअरचे जाणकार पीट लोमस हेही त्यात आले. अप्टन यांचा पहिला नमुना २००६ चा, साध्या चिपेवर जोडलेला. पुढे ते ब्रॉडकॉम या चिप कंपनीत गेले आणि मल्टिमीडियासाठी बनलेली एक स्वस्त चिप हाताशी आली. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी मॉडेल बी विक्रीला आला. किंमत ३५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे पावणेदोन हजार रुपये. त्या सकाळी विक्रेत्यांच्या वेबसाईट गर्दीने बंद पडल्या. पहिली खेप १०,००० बोर्डांची होती. वर्षभरात विक्री १० लाखांच्या घरात गेली.

पण बोर्ड एकटा गेला नाही, हे महत्त्वाचे. त्याच काळात इंग्लंडने शाळेचा अभ्यासक्रम बदलला. सप्टेंबर २०१४ पासून वर्ड-एक्सेलच्या जागी प्रोग्रामिंगसह संगणकशास्त्र आले. शाळांना १५,००० बोर्ड देण्यासाठी गुगलने पैसे दिले. शाळा सुटल्यावर चालणारे कोड क्लब फाउंडेशनमध्ये सामील झाले. शिक्षकांचे प्रशिक्षण, मासिक, मोफत धडे हे सगळे उभे राहिले. नोव्हेंबर २०१५ मध्ये तर ५ डॉलरचा पाय झीरो मासिकाच्या अंकासोबत फुकट वाटला गेला.

आणि त्याच वेळी आपल्याकडे?

आपल्याकडे हा प्रयोग नवा नव्हता. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाची शालेय संगणक साक्षरता योजना काढली होती. त्यात सुमारे २५० शाळांपासून सुरुवात झाली आणि यंत्र कोणते होते? तोच बीबीसी मायक्रो. म्हणजे जे यंत्र इंग्लंडच्या पिढीला घडवत होते, तेच आपल्या देशातही आले होते. पण लाखो शाळांच्या देशात २५० शाळा म्हणजे किती? आणि त्यात वस्तीवरची, तांड्यावरची, दलितवाड्यातली मुले किती असणार? जी शाळा आधीच पुढे आहे, तिलाच नवी वस्तू आधी मिळते.

दुसरी संधी ‘आकाश’ची. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिबल यांनी आकाश टॅब्लेट आणला. विद्यार्थ्यांना तो ३५ डॉलरमध्ये मिळेल, असा गाजावाजा झाला. योगायोग पाहा, किंमत तीच ३५ डॉलर आणि रास्पबेरी पायच्या पाच महिने आधी. पण टॅब्लेट संथ होता, दर्जाबद्दल तक्रारी झाल्या. पुढे आयआयटी मुंबईने सुधारित आवृत्तीवर काम केले, शिक्षकांच्या कार्यशाळाही घेतल्या. तरी लक्ष होते मुख्यतः इंजिनीअरिंग कॉलेजांवर, म्हणजे जे दारापर्यंत आधीच पोहोचले होते त्यांच्यावर. गावातल्या शाळेपर्यंत ती योजना गेलीच नाही आणि काही वर्षांत विस्मरणात गेली.

महाराष्ट्रात आपल्या पिढीच्या वाट्याला आले ते एमएस-सीआयटी. सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र हवे म्हणून आपण सगळ्यांनी ते केले. टायपिंग आले, तक्ते आले. त्याचा उपयोग झाला, हे नाकारत नाही. पण इंग्लंडने जे शिक्षण अपुरे म्हणून टाकून दिले, ते आपल्यासाठी शेवटचे स्टेशन ठरले. आपण संगणक वापरणारे झालो, बनवणारे झालो नाही. कारकून होण्याची दारे उघडली, कोड लिहिण्याची नाही.

बाबासाहेबांनी १९४२ मध्ये काय मागितले?

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. त्यात शिक्षणावरचा मुद्दा आजच्या तरुणांनी मुद्दाम वाचावा. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी समाजाचे फार काही साधणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे आणि ते घरच्या ऐपतीवर शक्य नाही म्हणून सरकारने खर्च करावा, अशी ती मांडणी होती. स्वतः कायद्याचे एवढे मोठे विद्वान असताना त्यांनी हे लिहिले. १९४४ मध्ये सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हे त्या काळातल्या प्रयत्नांचेच फळ. आपल्यातले कितीतरी जण तिच्यावरच शिकले.

बाबासाहेबांनी ‘आमची मुले हुशार आहेत, संधी द्या’ एवढेच म्हटले नाही. पैसा मागितला, जागा मागितल्या, संस्था मागितल्या आणि स्वतःही उभारल्या. केंब्रिजला जे २००६ च्या सुमारास उमगले, ते बाबासाहेबांनी त्याच्या साठ वर्षे आधी निवेदनात लिहून दिले होते. क्षमता साधनांतून घडते.

हात आणि डोके

या बोर्डाचा आणखी एक अर्थ आपल्यासाठी आहे. जात ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच सांगितले. हाताने काम करणारा खालचा आणि डोक्याने काम करणारा वरचा, ही त्यातली मोठी भिंत. आजही आयटीआयमध्ये वायरमनचा, फिटरचा कोर्स करणारी मुले कोण आहेत आणि आयआयटीत कोण आहेत, ते पाहा. अजंथा सुब्रमण्यन यांनी ‘द कास्ट ऑफ मेरिट’ (२०१९) या पुस्तकात आयआयटी मद्रासचा अभ्यास करून दाखवले आहे की सवर्णांची जात तिथे मेरिटच्या नावाने कशी वावरते.

पिना असलेला हा छोटा बोर्ड ती भिंत मानत नाही. इथे तार सोलावी लागते, सोल्डरिंग करावे लागते आणि त्याच टेबलावर बसून पायथॉनमध्ये कोडही लिहावा लागतो. वस्तीत मोबाईल दुरुस्त करणारा, मिक्सरची मोटर बांधणारा, जयंतीच्या मंडपाची लायटिंग जोडणारा आपला मुलगा अर्धे काम आधीच जाणतो. श्रीमंताच्या मुलाने हेच केले तर त्याला ‘छंद’ म्हणतात, ‘इनोव्हेशन’ म्हणतात. आपल्या मुलाने केले तर ‘पोटापाण्याचा धंदा’. उरलेले अर्धे, म्हणजे कोड, त्याच्यापासून दूर ठेवले गेले आहे.

बोर्डाची भक्ती नको

आता उलट बाजूही पाहू. ३५ डॉलर हा फक्त बोर्डाचा भाव. कार्ड, चार्जर, कीबोर्ड, माऊस, केबल, स्क्रीन वेगळे. इंग्लंडमध्ये या वस्तू घरात पडलेल्या असतात. आपल्याकडे २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्क्यांकडे आणि ग्रामीण कुटुंबांपैकी फक्त ४.४ टक्क्यांकडे संगणक होता. शिवाय २०२१ पासून जगात चिपांची टंचाई झाली तेव्हा किंमत वाढली आणि उत्पादकांनी प्राधान्य उद्योगांना दिले. शिकणाऱ्यांना बोर्ड मिळेनासे झाले. जून २०२४ मध्ये ही कंपनी लंडनच्या शेअर बाजारात उतरली. आज तिच्या विक्रीचा मोठा हिस्सा कारखान्यांकडे जातो. फाउंडेशन अजून मोठी भागधारक आहे, हे खरे. पण बाजार हा आपला मुक्तिदाता नाही.

स्वस्त म्हणजे खुले नव्हे. महाडचे तळे आठवा. १९२३ मध्ये बोले ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर पाणी सर्वांचे होते. प्रत्यक्षात ओंजळ भरायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, हजारो माणसे चालत यावी लागली. तंत्रज्ञानाचेही तसेच आहे. कागदावर लिनक्स सर्वांचे आहे, धडे सर्वांचे आहेत. पण संघटित होऊन तिथवर चालत गेल्याशिवाय ओंजळ भरणार नाही.

मग करायचे काय?

पहिले, सरकारकडे मागणी. अटल टिंकरिंग लॅब ही योजना २०१६ पासून आहे. शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळते. पण सुरुवातीच्या अटींत किमान १५०० चौरस फूट बांधीव जागा मागितली होती. ज्या शाळेत दोन वर्ग एका खोलीत बसतात, तिने ती कुठून आणायची? अटच सांगते की योजना कुणासाठी आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींच्या शासकीय निवासी शाळा आणि समाजकल्याणची वसतिगृहे यांत अशी प्रयोगशाळा आणि शिकवणारा माणूस, दोन्ही मिळाले पाहिजेत. हे अशक्य नाही. शेजारच्या तेलंगणात समाजकल्याण निवासी शाळांच्या संस्थेने मोइनाबादला कोडिंग अकादमी काढली आहे आणि तिच्या अभ्यासक्रमासाठी याच रास्पबेरी पाय फाउंडेशनसोबत काम केले आहे. तिथे बोर्डापेक्षा महत्त्वाचे आहेत ते रोजचे तास, शिक्षक आणि मुक्काम. तेलंगणात होते ते महाराष्ट्रात का नाही, हा प्रश्न समाजकल्याण कार्यालयात लेखी विचारा.

दुसरे, आपण स्वतः. प्रत्येक तालुक्यात आपली विहारे आहेत, अभ्यासिका आहेत. तिथे स्पर्धा परीक्षेची पुस्तके असतात, तशी एका कोपऱ्यात दोन-तीन यंत्रे हवीत. रास्पबेरी पायच हवा असा हट्ट नको. ऑफिसमधून निघालेल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकले तरी चालते. जयंतीच्या वर्गणीतला एक छोटा भाग यासाठी बाजूला काढला तर डीजेचा आवाज थोडा कमी होईल, एवढेच. आयटीत नोकरी करणाऱ्या आपल्या भावाबहिणींनी महिन्यातला एक रविवार द्यावा आणि मराठीतून शिकवावे.

तिसरे, मुली. यंत्रासमोर पहिली खुर्ची मुलीची. नाहीतर विहारातला संगणकही ‘मुलाच्या खोलीतला’ होईल.

पुढच्या वेळी कुणी मेरिट म्हणाले की चिडू नका. शांतपणे विचारा, केंब्रिजमध्ये येणाऱ्या मुलांची तयारी कमी पडली तेव्हा त्यांच्या प्राध्यापकांनी काय केले? मुलांना नालायक ठरवले, की त्यांच्यासाठी संगणक बनवला? जो न्याय त्यांच्या मुलांना, तोच आमच्या मुलांना. आम्ही याहून जास्त काही मागत नाही आणि याहून कमी काही घेणारही नाही.

जय भीम!